वाचक विचारतात : निम्म्या एंझाइमवर भागतं का?

मागच्या अंकात जीन आणि एंझाइमबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इनबॉक्स भरून गेला. बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात, म्हणून त्यातले पाच घेतलेत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी चार शब्द : एंझाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं उरकणारं प्रथिन, जीन म्हणजे ते बनवायची कृती, म्युटेशन म्हणजे त्या कृतीत झालेला बदल. जीनच्या बहुतेक वेळा दोन कॉप्या असतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक, त्या जोडीला जीनोटाइप म्हणतात; वाटाण्याच्या उदाहरणात चांगली कॉपी कॅपिटल अक्षराने आणि मोडकी स्मॉलने लिहितात. आणि रिपोर्टचे फोटो पाठवणाऱ्यांना हात जोडून सांगते, मी कॉलेजात बायोलॉजी शिकवत होते, डॉक्टर नाही. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मॅडम, मी बारावीला आहे. म्युटेशन झालं की एंझाइम बनत नाही किंवा खराब बनतं असं शिकवलंय. मग एक कॅपिटल आणि एक स्मॉल असा जीनोटाइप असेल तर एंझाइम निम्मंच बनणार ना? तरी ते झाड दोन्ही कॅपिटलवाल्यासारखंच कसं दिसतं? क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, "डॉमिनंट आहे म्हणून." हे उत्तर झालं का?
— एक विद्यार्थी, सासवड

नाही झालं. डॉमिनंट म्हणजे एकच कॉपी असली तरी जिचा परिणाम दिसतो ती, मग दिसतो का तर डॉमिनंट आहे म्हणून? पाऊस का पडतो तर पावसाळा आहे म्हणून, तसलं आहे ते.

तू सासवडचा म्हणजे वाटाण्याच्या गावचा, तुला सोपं आहे. कुणाकडे मटार पेरायचं बियाणं असेल, अर्केल वगैरे, तर त्यातले चार दाणे माग (हात धुवायचे नंतर, बियाण्याला औषध चोळलेलं असतं). आणि किराणा दुकानातून उसळीचा सुका वाटाणा चार दाणे आण. शेजारी शेजारी ठेवून बघ. उसळीचा गोटीसारखा गुळगुळीत, आणि अर्केलचा पणजीच्या गालासारखा सुरकुतलेला. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने ज्या गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांची मोजणी केली, दुसऱ्या पिढीत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले, तीच ही भानगड.

आता ही सुरकुती कशी पडते ते 1990 साली इंग्लंडात नॉरिचच्या जॉन इनिस संस्थेतल्या लोकांनी शोधून काढलं. वाटाण्यात स्टार्चला फांद्या फोडणारं एक एंझाइम असतं. सुरकुतलेल्या दाण्यात त्या एंझाइमच्या जीनमध्ये मधेच डीएनएच्या साधारण 800 अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय, एका जागेवरून दुसरीकडे उड्या मारणारे जीन असतात ना त्यांच्या जातीचा. त्यामुळे एंझाइम धड बनत नाही, स्टार्च कमी बनतो, साखर तशीच राहते, साखर पाणी ओढते, दाणा टम्म फुगतो, आणि वाळला की आतलं पाणी जातं पण साल तेवढीच मोठी राहते, मग सुरकुत्या. कोवळा मटार गोड का लागतो तेही यातच आलं. आपण हिवाळ्यात सोलता सोलता अर्धे खाऊन टाकतो ते म्हणजे चक्क एका मोडक्या जीनचं फळ.

तुझा प्रश्न मधल्या जीनोटाइपचा. एक चांगली कॉपी, एक मोडकी. त्याच्यात एंझाइम खरंच कमी असतं, तुझा हिशोब बरोबर आहे. पण दाणा गोलच होतो. कारण एंझाइम हे काही पीठ नाही की निम्मं घेतलं तर भाकरी निम्मी होईल. एंझाइम वापरलं जाऊन संपत नाही, तोच रेणू तेच काम पुन्हा पुन्हा करत राहतो. टोलनाक्यावर दोन खिडक्या आहेत समज, एक बंद पडली. दुपारच्या वेळी कुणाला कळणार पण नाही, सगळ्या गाड्या एकाच खिडकीतून आरामात जातील. दोन्ही बंद झाल्या तर मात्र रांग. शरीराने, झाडाने, बहुतेक एंझाइम्सच्या बाबतीत खिडक्या गरजेपेक्षा जास्तच ठेवल्यात, म्हणून मोडका जीन बहुतेक वेळा रिसेसिव्ह असतो, म्हणजे एकच कॉपी असली तर त्याचा परिणाम दिसत नाही. तो कमजोर असतो, दबतो, घाबरतो असलं काही नाही, दुसऱ्या कॉपीचं काम पुरून जातं एवढंच.

आता गंमत. तिन्ही जीनोटाइपचे दाणे कापून मायक्रोस्कोपखाली स्टार्चचे कण बघितले तर दोन्ही चांगल्या कॉप्यावाल्याचे कण अखंड, लांबट गोल. दोन्ही मोडक्यावाल्याचे भेगाळलेले, तुकडे जोडल्यासारखे. आणि मधल्याचे मधलेच! म्हणजे दाणा हातात धरला तर डॉमिनंट, कण बघितला तर अर्धं-अर्धं. जीन तोच. डॉमिनंट हा शब्द जीनला चिकटलेला नसतो, तू काय मोजतोयस त्याला चिकटलेला असतो. हे परीक्षेत लिहिलंस तर मार्क मिळतील की नाही माहीत नाही पण खरं आहे.

ताई, आमच्या बाळाला जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, लाइटखाली ठेवलं होतं. नंतर टेस्ट केली तर जी-सिक्स-पीडी नावाचं तांबड्या पेशीतलं एंझाइम डेफिशियंट, म्हणजे कमी. माझी केली तर इंटरमीडिएट, मिस्टरांची नॉर्मल. सासूबाई उठता बसता म्हणतात की आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. मला तर आयुष्यात काही त्रास झाला नाही, मग माझ्याकडून कसं येईल? आणि मला निम्मं आणि त्याला जवळजवळ नाहीच, हे कसं?
— एक आई, डोंबिवली

ताई, आधी सासूबाईंचं उरकू. जीन तुमच्याकडूनच आलाय, हे खोटं सांगून उपयोग नाही, कारण हा जीन एक्स क्रोमोझोमवर (क्रोमोझोम म्हणजे जीन ज्यावर ओळीने बसलेले असतात तो धागा) असतो आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, वडील वाय देतात. पण तुम्हाला तो तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आला, त्यांना त्यांच्या आईवडिलांकडून, आणि असं मागे जात जात ही गोष्ट हिवतापाच्या गावांपर्यंत जाते. जिथे मलेरियाने माणसं मरत होती तिथे हा जीन टिकला, कारण असल्या तांबड्या पेशीत मलेरियाचा जंतू नीट माजत नाही. जगात अंदाजे 40 कोटी लोकांकडे आहे. घराण्याचा दोष म्हणायचा तर फार मोठं घराणं आहे हे.

आणि तुम्ही डोंबिवलीच्या म्हणून मुद्दाम सांगते, यातला एक प्रकार चक्क तुमच्या शेजारच्या गावाच्या नावाने जगभर ओळखला जातो, जी-सिक्स-पीडी कल्याण. 1984 साली एका कोळी कुटुंबात सापडला म्हणून त्याची नोंद झाली. केरळमध्ये सापडलेला एक वेगळा समजत होते, 1992 मध्ये दोघांचा डीएनए वाचला तर म्युटेशन एकच निघालं, प्रथिनाच्या माळेत अमिनो अ‍ॅसिड नावाचे मणी असतात, त्यात 317व्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या ऐवजी लायसिन. तेव्हापासून केरळ-कल्याण असं जोडनाव. तुमच्या बाळाचा प्रकार हाच असेल असं नाही हां, भारतात मेडिटरेनियन आणि ओरिसा हे पण बरेच सापडतात.

आता निम्म्याचं. मुलाकडे एक्स एकच, त्यामुळे त्याला मधला जीनोटाइपच नाही, चांगला नाहीतर मोडका. तुमच्याकडे दोन. पण तुमच्या प्रत्येक पेशीत निम्मं एंझाइम आहे असं समजू नका, सगळ्यांची इथेच चूक होते. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गर्भात असतानाच कुलूप लावून बंद होतो, कुठला ते त्या त्या पेशीचं नशीब. मेरी लायन या बाईंनी हे 1961 मध्ये मांडलं. म्हणजे तुमच्या रक्तात काही तांबड्या पेशी पूर्ण भरलेल्या आणि काही जवळजवळ रिकाम्या, अशी मिसळ आहे, आणि लॅबने त्याची सरासरी काढून इंटरमीडिएट छापलं. एखादीच्या अंगात चांगल्या पेशी जास्त निघाल्या तर तिचा रिपोर्ट सरळ नॉर्मल येतो आणि तरी ती कॅरियर असते, म्हणजे मोडकी कॉपी मुलांना देऊ शकते. दुसरीच्या अंगात रिकाम्या जास्त निघाल्या तर तिला मुलासारखाच त्रास होऊ शकतो. दोघींचा जीनोटाइप अक्षरशः एकच!

हे एंझाइम करतं काय, तर तांबड्या पेशीला गंज चढू देत नाही. आणि तांबडी पेशी म्हणजे बिचारी, तिला न्यूक्लियस नसतो, नवीन एंझाइम बनवता येत नाही, बोनमॅरोतून निघताना जी शिदोरी बांधून घेतली तीच 120 दिवस पुरवायची. बऱ्याच प्रकारच्या म्युटेशनमध्ये एंझाइम बनतं सगळं, पण बांधणी कच्ची असते म्हणून लवकर मोडतं. शिदोरी असते, पण वाटेतच आंबते. म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात. याचाच एक व्यवहारातला तोटा असा की एकदम पेशी फुटण्याचा अटॅक येऊन गेल्यावर लगेच टेस्ट केली तर जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात, उरलेल्या तरण्या पेशी चांगला आकडा दाखवतात आणि रिपोर्ट फसवा नॉर्मल येतो. अशा वेळी डॉक्टर दोनतीन महिन्यांनी परत करायला सांगतात ते उगीच नाही.

एरवी बाळ नॉर्मल राहणार. पुन्हा तोच टोलनाका, खिडक्या कमी आहेत म्हणून एकदम गर्दी होऊ द्यायची नाही. गर्दी कशाने होते? मलेरियाचं प्रायमाक्वीन (हा सगळा विषय त्याच गोळीमुळे 1956 मध्ये उजेडात आला), डॅप्सोन, आणखी काही औषधं, यादी डॉक्टर देतील, ती फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी दाखवा. आणि डांबरगोळ्या! हे यादीत असतं पण लोक वाचत नाहीत. बारशाला आजीच्या ट्रंकेतली दुपटी, झबली, मखमली टोपडं काढायचं, त्याला तो सणसणीत वास, आणि तसंच बाळाला गुंडाळायचं, हे तुमच्याकडे करायचं नाही म्हणजे नाही. ट्रंक कितीही प्रेमाची असू दे.

यादीत फावा बीन्स असतं त्याचं भाषांतर कुणी वाल, कुणी घेवडा करून ठेवलंय. आपला वाल वेगळा, फावा म्हणजे बाकला, उत्तरेकडे खातात ती. सासूबाईंनी वालाचं बिरडं बंद केलं असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, उगाच सगळ्यांच्या तोंडची चव नको जायला.

माझ्या बहिणीचं ऑपरेशन होतं. रिपोर्टवर लहानपणापासून ओ पॉझिटिव्ह. रक्त आणलं तर क्रॉसमॅच (आणलेलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं) होईना, दुसऱ्या बँकेतून आणलं तरी होईना, शेवटी कुणीतरी सांगितलं बॉम्बे ग्रुप आहे. आईचा ए, बाबांचा बी, माझा एबी. हा प्रकार नेमका काय आहे? आणि मग तिचा ओ खोटाच होता का?
— वाचक, नाशिक

दादा, खोटा नव्हता, अर्धवट तपासलेला होता. ही आमच्या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, आणि आपल्या मुंबईची आहे. 1952 मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा रक्तगट ओळखला. भारतात दहा हजारात एखाद्याकडे असतो असं म्हणतात.

लोकांना वाटतं ए आणि बी म्हणजे रक्तातले पदार्थ आणि त्यांचे जीन. तसं नाहीये. ए चा जीन ए पदार्थ बनवत नाही, तो एक एंझाइम बनवतो. ते एंझाइम तांबड्या पेशीवर एक विशिष्ट साखर अडकवतं. बी चं एंझाइम दुसरी साखर अडकवतं. या दोन एंझाइम्समध्ये फरक किती, तर 354 अमिनो अ‍ॅसिडांपैकी फक्त चारांचा! चार मणी बदलले की एंझाइम दुसरीच साखर उचलतं. म्हणजे म्युटेशन झालं की बिघडतंच असं नाही, कधी कधी नोकरी बदलते.

आणि ओ? ओ मध्ये, म्हणजे नेहमीच्या प्रकारात, जीनमधलं एकच अक्षर गळलंय. एका अक्षराने काय होतं ते बघा. जीन तीन तीन अक्षरांनी वाचतात. "कमल गरम वरण पळव" यातला पहिला ग काढा आणि पुन्हा तीन तीनने वाचा: "कमल रमव रणप ळव". कमल जागेवर आहे, पुढे नुसता गोंधळ. असलं एंझाइम काहीच अडकवत नाही. म्हणून ए आणि ओ असा जीनोटाइप असेल तर ग्रुप ए, कारण एक एंझाइम चालू आहे आणि तेवढं पुरतं. ए आणि बी असेल तर दोन्ही कारागीर कामावर, म्हणून तुम्ही एबी.

पण साखर अडकवायची कशावर? त्याला खुंटी लागते. ती खुंटी म्हणजे एच. आणि ती ठोकणारं एंझाइम वेगळं, त्याचा जीन वेगळा, तो 19व्या क्रोमोझोमवर, ए-बी-ओ वाला 9व्यावर. तुमच्या बहिणीकडे खुंटी ठोकणाऱ्या जीनच्या दोन्ही कॉप्या मोडक्या आल्यात. आता तिच्याकडे ए चं एंझाइम असू दे, बी चं असू दे, दोन्ही असू देत, टोपी हातात धरून उभे आहेत आणि भिंतीवर खुंटीच नाही. नुसतं ए आणि बी तपासलं की काहीच सापडत नाही, लॅब लिहिते ओ. खऱ्या ओ माणसाच्या पेशीवर खुंट्या असतात, रिकाम्या, भरपूर. बहिणीच्या शरीराने खुंटी कधी पाहिलेलीच नाही म्हणून ते खुंटीविरुद्धच अँटीबॉडी बनवून बसलंय, आणि म्हणून ओ रक्त, जे सगळ्यांना चालतं म्हणतात ते, तिला चालत नाही. जीवावर बेतू शकतं.

तुमचे आईबाबा दोघंही एक चांगली एक मोडकी असे असणार. त्यांच्या खुंट्या ठीक आहेत कारण एका कॉपीवर भागतं, पहिल्या पत्रातल्या वाटाण्यासारखंच, आयुष्यभर कळत पण नाही. प्रत्येक मुलाला दोन्ही मोडक्या मिळायची शक्यता चारात एक. तुम्ही एबी आलात म्हणजे तुमची निदान एक चांगली आहे, म्हणजे बहिणीला तुमचं रक्त चालणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. आणखी भावंडं असतील तर त्यांची मात्र एच ची टेस्ट करून घ्या, डोनर सापडायची सगळ्यात जास्त आशा तिथेच. नात्यात लग्नं झालेल्या घरांत, मामाची मुलगी वगैरे, अशा दोन मोडक्या कॉप्या एकत्र यायची शक्यता वाढते हे पण खरं.

आणि एक, हे मी मुद्दाम लिहिते. बहिणीला उद्या मूल झालं, तिच्या कार्डावर ओ, नवऱ्याचा ए, आणि बाळ बी आलं, तर लोक भलतेसलते संशय घेतील. ते बी तिचंच असू शकतं, तिच्याकडे लपलेलं, बाळाला खुंटी वडिलांकडून मिळाली म्हणून दिसलं एवढंच. कार्डावर आत्ताच बॉम्बे ग्रुप असं स्पष्ट लिहून घ्या.

चाळिशीनंतर दूध प्यायलं की पोट डब्ब होतं. हे म्युटेशन का? — वाचक, लातूर

उलट आहे बघा. दूध पचवणारं लॅक्टेज मोठेपणी कमी होणं हे मूळचं, सस्तन प्राण्यांत साधारण तसंच. ज्यांना मोठेपणीही तांब्याभर दूध पचतं त्यांच्यात म्युटेशन झालंय. आणि ते एंझाइमच्या जीनमध्ये नाही, त्याच्या अलीकडे जे बटण आहे तिथे, ते बटण बंदच होत नाही. भारतात, विशेषतः वायव्येकडे, जे सापडतं तेच युरोपात पण. एकच कॉपी असली तरी साधारण भागतं. पण चाळिशीपर्यंत पचत होतं आणि आता नाही म्हणता, तर एकदा डॉक्टरांना दाखवा. तोवर दही-ताक घेऊन बघा, बऱ्याच जणांना सोसतं.

मी जपानमध्ये नोकरीला आहे. ऑफिसच्या पार्टीत एक सहकारी अर्धा ग्लास बिअर घेतो आणि कानापर्यंत लालबुंद होतो. त्याने जीनचं कारण सांगितलं, वर म्हणे एकच कॉपी खराब आहे. तुमच्या मते तर निम्म्यावर भागायला पाहिजे! — वाचक, टोकियो

बरं पकडलंत, मला पाचवं पत्र घ्यायला यामुळेच मजा आली.

दारू शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते, ते विषारी, आणि ते साफ करणारं एंझाइम एएलडीएच-टू. पूर्व आशियात साधारण तिघांत एकाकडे तरी त्याचं म्युटेशन असतं, ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी लायसिन. होय, कल्याणवाल्यासारखीच अदलाबदल, वेगळ्या जीनमध्ये, निव्वळ योगायोग. पण इथे फरक असा की हे एंझाइम एकट्याने काम करत नाही, चार तुकडे एकत्र येऊन एक यंत्र होतं. पालखीचे चार भोई म्हणा. एक भोई लंगडा असला तरी पालखी डुगडुगते. तुमच्या सहकाऱ्याकडे निम्मे भोई चांगले, निम्मे लंगडे, आणि चौकड्या जमतात कशाही. चारही चांगले येण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा चार वेळा, सोळात एक. त्यामुळे त्याचं काम निम्म्यावर थांबत नाही, बरंच खाली जातं. दोन्ही खराब असलेल्याचं तर जवळजवळ शून्य, तो पीतच नाही, घोटभर घेतली तरी हाल होतात.

म्हणून मोडका जीन रिसेसिव्ह हा नियम नाही, बहुतेक वेळा असं होतं इतकंच. एंझाइम एकटं काम करतं का टोळीने, हे आधी विचारायचं.

त्या सहकाऱ्याला मात्र आग्रह करू नका. आपल्याकडे पण "घे रे, सवय होईल" म्हणणारे असतात, आणि सवय होते खरी, लाली कमी वाटायला लागते, पण एंझाइम वाढत नाही. एक कॉपी खराब असून नियमित पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बराच जास्त असतो. पुढच्या पार्टीत त्याच्यासमोर ऊलाँग चहा सरकवा, तिकडे बारमध्ये पण मिळतो ना.